जानेवारीतला पूर

रागिणीने समुद्र पाहिलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पडद्यावर ती तो रोज पाहायची, आणि तोही थेट आभाळातून, उपग्रहाच्या डोळ्यांनी. पण ज्याच्या काठी उभं राहून साडी-सलवार सावरावी लागते तो समुद्र तिच्या वाट्याला आलेला नव्हता. बार्शीटाकळीजवळच्या काळ्या मातीत वाढलेल्या मुलीला तो भेटणार तरी कुठे? तिकडे पाणी म्हणजे विहीर, नाला, आणि मिरगापासून पोळ्यापर्यंत डोक्यावरून पडेल तेवढं.

अमरावतीच्या कॅम्प भागात, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, ती ज्या छोट्याशा केंद्रात काम करायची तिथे उपग्रहाची चित्रं तपासून जमिनीचे नकाशे करत. संत्र्याच्या बागा किती उरल्या, तलावात पाणी किती, मेळघाटात वणवा कुठवर गेला, असली घरची कामं. मग एकदा कोकणातल्या खाड्यांचं काम आलं. कसं आलं ते कोणालाच नीट कळलं नाही, पण आलेल्या कामाला नाही म्हणायची रीत त्या केंद्रात नव्हती.

"उपग्रह वरून पाहते," देवमन सर म्हणाले होते. "त्याले चांदूर बाजार काय अन् कोकण काय, सारखंच."

देवमन सर केंद्राचे प्रमुख. स्वतः चांदूर बाजारकडचे, शेतकऱ्याच्या घरचे, शिकून मोठे झालेले आणि आता निवृत्तीला टेकलेले. त्यांचा एकच अभिमान होता, आणि तो ते दिवसातून एकदा तरी बोलून दाखवत: "आपल्या केंद्रातून गेलेला नकाशा आजपर्यंत वापस नाही आला." त्यांच्या खोलीत टेबलामागे माडांच्या रांगेचा आणि निळ्या लाटांचा मोठा फ्रेम केलेला फोटो होता. शिकाऊ मुलं आली की सर त्या फोटोकडे बोट दाखवून किनाऱ्यावर व्याख्यान देत, आणि वाक्याची सुरुवात हमखास "आपण किनाऱ्यावर उभे राहिलो की" अशी करत. ऐकणाऱ्याला वाटायचं, हे नुकतेच पाय पुसून आले आहेत.

काम असं होतं. मुंबईच्या एका समितीला किनाऱ्यावरच्या पाणथळ जागांचं मोल ठरवायचं होतं. पैशातलं मोल नव्हे. कुठल्या खाडीत मासे वाढतात, कुठे पाखरं उतरतात, कुठली जागा वादळात गावाच्या आड उभी राहते, असलं मोल. उपग्रहाला काही खेकडे दिसत नाहीत, पण जमीन कुठल्या जातीची आहे ते दिसतं. कांदळवन असेल तर इतके गुण, ओहोटीला उघडी पडणारी जमीन असेल तर जवळजवळ तितकेच, वाळूला कमी, आणि ओसाड पडलेल्या जागेला शून्य. गुणांची बेरीज करून खाडीला अ, ब किंवा क अशी श्रेणी द्यायची. अ मिळालेल्या खाडीला कोणी हात लावायचा नाही. क मिळालेल्या खाडीत भराव टाकायला हरकत नाही, मग तिथे गोदामं होवोत नाही तर गाड्या उभ्या करायचं मैदान.

रागिणीच्या वाट्याला आलेली खाडी होती कांडवणची. वर्षभर ती त्या खाडीत होती म्हणा ना. कुठल्या वळणावर पाणी रुंदावतं, कुठे कांदळवनाची हिरवी पट्टी नदीच्या दोन्ही अंगांनी आत शिरते, कुठे एक छोटं बेट पावसाळ्यानंतर आपला आकार बदलतं, हे तिला पाठ झालं होतं. सकाळी संगणक सुरू केला की आधी कांडवण उघडायची आणि मग चहा घ्यायची. घरी फोन केला की तिची आई, सीमाबाई, सुनेच्या माहेराची चौकशी करावी तसं विचारायची, "काय म्हंते तुही खाडी?" आणि रागिणी खरोखरच सांगायची.

म्हणून जेव्हा बेरीज झाली आणि कांडवणच्या पुढे क उमटला, तेव्हा तिला चक्क रडू आलं. तिने पुन्हा बेरीज केली. पुन्हा क. खाडीच्या दोन्ही काठांना मैलोन्‌मैल तपकिरी, उघडी, ओसाड जमीन निघत होती, आणि त्या सगळ्या जमिनीला त्यांच्या यादीत शून्य गुण होते.

"सर, ही खाडी अशी नसंन," ती म्हणाली.

"तुले कसं माहीत?"

"वाटते, सर." सरांनी चष्मा काढला आणि समजावलं, की वाटण्याचा नकाशा होत नाही. तिच्या शेजारच्या टेबलावरचा रोहित, जो तिच्याच बरोबरीचा आणि हिशेबाला पक्का होता, त्यानेही अचूकता तपासून दाखवली. शंभरातल्या ब्याण्णव ठिकाणी नकाशा बरोबर. आता हे ब्याण्णव कसे आले तेही ऐका. नकाशाने कुठल्या जमिनीला काय म्हणायचं ते यांनीच त्याला शिकवलं होतं, आणि तो बरोबर म्हणतो का ते यांनीच ठरवलं होतं. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा आणि आपणच तपासायचा. मग पोरगं पहिलं येणार नाही तर काय होणार!

शुक्रवारी देवमन सरांनी सही केली आणि नकाशा मुंबईला गेला. बुधवारी समितीची ऑनलाइन बैठक होती. त्या बैठकीत श्रेणीवर शिक्कामोर्तब झालं की कांडवणची खाडी भरायला मोकळी होणार होती, आणि ती मोकळी करणारा कागद रागिणीच्या हातचा असणार होता. शनिवारी ती बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत बसली तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालेलं होतं.

रविवारी शेतात रोडगे होते. तिच्या वडिलांनी, नत्थुजींनी, तूर घरात आल्याच्या आनंदात चार घरची माणसं बोलावली होती. गोवऱ्यांचा आर पेटला होता, त्यात कणकेचे गोळे भाजत होते, बाजूला वांग्याची भाजी रटरटत होती. एरवी रागिणी रोडग्यांवर तुटून पडणारी. आज ती निंबाखाली पोतं टाकून बसली होती आणि काडीने मातीत खाडीची वळणं काढत होती.

आणि तिकडे मैनाआत्या सुरू झाली होती. नत्थुजींची ही थोरली बहीण दिवाळीनंतर भजनी मंडळाच्या बसने कोकण पाहून आली होती, आणि तेव्हापासून एकच गोष्ट सांगत होती: तिची नवी कोरी चप्पल कशी चोरीला गेली. ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते. गोष्टीत कोकण फारच थोडं होतं. चप्पल मात्र पुष्कळ होती. शिवाय चोरही होता. मंडळातलीच तानुबाई. त्या दिवशी सगळ्यात मागे तीच रेंगाळली होती, म्हणून. कोकणापासून अकोल्यापर्यंत दोघी एका बसमध्ये तोंडं फिरवून बसल्या होत्या, आणि आजही तानुबाई आराच्या पलीकडे, आत्याकडे पाठ करून वांगी चिरत होती.

"मी काय येडी हावो का?" मैनाआत्या सांगत होती. "कुठीबी ठेवन चप्पल? चांगली जागा पाह्यली. पाण्यापासून दूर. इथून त्या बोरीच्या झाडापर्यंत तं दूर असंन. तिथं जमीन कशी, आपल्या वावरासारखी. उघडी, काळपट, पाय रोवून उभं राह्यावं अशी. मनलं देवळात तं जायचं हाये, चप्पल नेऊन काय करतं. तिथंच ठेवली अन् गेली दर्शनाले."

"मंग?" कोणीतरी जांभई देत विचारलं.

"मंग काय. दर्शन झालं, जेवण झालं, वापस आली तं चप्पल नाही. अन् चप्पल राहू दे, जागाच नाही! जिथं ठेवली तिथं कमरेएवढं पाणी. आता सांग, ना पाऊस, ना पूर. आभाळ कसं ठणठणीत. मंग पाणी आलं कुठून? मी समजली. आपण जागा चुकलो. चप्पल दुसरीकडं होती अन् थे या बाईनं उचलली."

रागिणीच्या हातातली काडी थांबली.

"आत्या," ती म्हणाली, "पुन्हा सांग बरं."

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. मैनाआत्याला आयुष्यात आजवर कोणी पुन्हा सांगायला लावलं नव्हतं. ती क्षणभर गांगरलीच, मग पदर सावरून मोठ्या उत्साहाने अगदी बसमध्ये बसण्यापासून सुरू झाली.

"बस नाही, आत्या. पाणी. उघडी जमीन होती अन् मंग पाणी आलं. त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी नाही तं काय पुढच्या वर्षी? सकाळी कोरडं, दुपारी पाणी."

"ना पाऊस, ना पूर," रागिणी पुटपुटली.

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. भरती आणि ओहोटी रागिणीला माहीत नव्हती असं नाही. शाळेत तिने चंद्र-सूर्य-पृथ्वी एका रेषेत काढून, बाण दाखवून, पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण शिकलेलं एकीकडे राहतं आणि हात आपले घरच्या वळणाने चालतात. कांडवणची चित्रं लावताना तिला आणि रोहितला दिसलं होतं, की खाडीकाठची तीच जमीन काही चित्रांत उघडी आहे आणि काही चित्रांत पाण्याखाली. वऱ्हाडात जमिनीवर असं पाणी दिसलं तर त्याचा एकच अर्थ असतो. पूर. दोघांनी चर्चासुद्धा केली नव्हती. पुराची चित्रं कामाची नसतात, म्हणून त्यांनी ती बाजूला काढून 'पूर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली होती. जानेवारीतही पूर दिसला तेव्हा रागिणीला जरा नवल वाटलं होतं. रोहित म्हणाला होता, "वरून धरणाचं पाणी सोडलं असंन. रब्बीले सोडतेच ना." आणि हे दोघांनाही इतकं पटलं होतं, की नंतर कोणी तिकडे वळून पाहिलं नाही. उरलेल्या चित्रांत ती जमीन उघडी, तपकिरी, पीक नसलेली. तिला नाव काय द्यायचं? पीक नसलेल्या जमिनीला त्यांच्याकडे जे म्हणतात तेच त्यांनी दिलं. पडीत.

आणि समितीच्या यादीत 'ओहोटीला उघडी पडणारी जमीन' असा जो रकाना होता, तो त्यांनी खूप शोधून रिकामा सोडला होता. शिवाय तळटीप दिली होती: या खाडीत अशी जमीन आढळली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"आत्या, तुझी चप्पल तानुमावशीनं नाही नेली," रागिणी उठून उभी राहिली. ती हसत होती. "समुद्रानं नेली. तू ठेवली तेव्हा ओहोटी होती, वापस आली तेव्हा भरती. थे पाणी रोज दोनदा येते. दोनदा जाते."

"रोज?" आत्याला हे बिलकूल आवडलं नाही. "मंग तिथं पाटी लावाले काय होते त्यायले?"

तानुबाईने विळी बाजूला ठेवली आणि त्या बसनंतर पहिल्यांदा आत्याकडे तोंड केलं. "आता बोल ना, मैने."

मैनाआत्या काडीने आर उकरत बसली. चोर हातचा गेल्याचं दुःख चप्पल गेल्याच्या दुःखापेक्षा मोठं असावं. शेवटी तिने आरातला सगळ्यात खरपूस रोडगा काढला, राख झटकली, फोडून त्यावर तूप ओतलं आणि तानुबाईच्या पानात टाकला. दोघींचं भांडण मिटलं ते एवढ्यावरच.

"दिवसातून दोनदा मिरग लागते म्हणा ना त्यायच्याकडं," नत्थुजी म्हणाले. त्यांना त्या कल्पनेची गंमत वाटली. मग लेकीला निघायची तयारी करताना पाहून ते म्हणाले, "जेवून तं घे. खाडी कुठी पळून नाही चालली."

"चालली ना, बाबा," रागिणी म्हणाली. "बुधवारी चालली."

तरी ती जेवली. रोडगे सोडून जाण्याइतकी मोठी आपत्ती वऱ्हाडात अजून यायची आहे.

सोमवारी सकाळी तिने आणि रोहितने 'पूर' उघडला. उपग्रह त्या खाडीवरून जातो तो नेहमी सकाळी ठरलेल्या वेळीच. पण भरतीची वेळ रोज पुढे सरकत जाते. त्यामुळे कधी तो उघड्या जमिनीवरून जातो, कधी भरल्या पाण्यावरून. त्यांनी बंदराच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं आणि एकेका पुराची तारीख त्याच्याशी ताडून पाहिली. पहिला पूर, भरती. दुसरा पूर, भरती. धरणाचं म्हणून सोडून दिलेलं जानेवारीतलं पाणी, तीही चांगली पौर्णिमेची भरती.

रोहितने खुर्ची मागे सरकवली. "म्हंजे आपण समुद्रच फेकून देला."

फेकलेली चित्रं परत लावली, भरतीची आणि ओहोटीची वेगळी केली, आणि जी जमीन एका गठ्ठ्यात उघडी आणि दुसऱ्यात बुडालेली तेवढी निवडली. पडीत म्हणून रंगवलेला काठ बघता बघता रिकाम्या रकान्यात भरत गेला. बेरीज केली. कांडवण, अ. रागिणीने पडद्यावर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि तिला आपल्या या वेड्या मायेची जराही लाज वाटली नाही.

आता राहिले देवमन सर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात त्यातला प्रकार होता हा, कारण मुंबईहून कोणी तक्रार केलेली नव्हती, कोणी काही विचारलेलं नव्हतं, आणि सरांचा सही केलेला नकाशा पहिल्यांदाच परत मागवायचा होता.

"सर, नकाशा चुकला," रागिणी म्हणाली.

"कोणाचा?"

"आपला."

तिने सगळं सांगितलं. आत्याची चप्पलसुद्धा सांगितली. सर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी दोनदा चष्मा काढला आणि दोनदा लावला.

"तुमी दोघांनी समुद्र पाह्यला काय?" त्यांनी विचारलं.

रोहितने मान हलवली, नाही. रागिणीनेही.

सर उठून खिडकीपाशी गेले. खाली रस्त्यावर दह्यातल्या गिलावड्याची गाडी लागत होती, तिच्याकडे पाहत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "मी बी नाही."

रोहितच्या तोंडून निघून गेलं, "अन् सर, हा फोटो?"

"क्यालेंडरचा हाये," सर म्हणाले. "चांगला वाटला म्हणून फ्रेम करून आणला. लोकायनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अशी इतकी वर्षं गेली."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण त्या पाठमोऱ्या माणसाची दोघांनाही कणव आली. सर वळले तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखा कडक होता.

"समितीत कोकणातले लोक हायेत. त्यायनंसुद्धा काही म्हटलं नाही," ते म्हणाले. "म्हंजे आपण बोललो नाही, तं कोणाले समजणार नाही."

"नाही समजणार," रागिणी म्हणाली. "भराव पडन, बस."

"जा तुमी. काम करा," सर म्हणाले. ते काय करणार हे त्यांनी सोमवारी सांगितलं नाही आणि मंगळवारीही नाही. रागिणीने नवा नकाशा त्यांच्या टेबलावर ठेवला; त्यांनी त्यावर वर्तमानपत्र ठेवलं.

बुधवारी बैठक सुरू झाली. सरांच्या खोलीत संगणकासमोर सर, बाजूला रागिणी, मागे रोहित उभा. पडद्यावर चौकोनाचौकोनांत मुंबईचे अध्यक्ष, इतर साहेब लोक, आणि किनाऱ्यावरच्या कार्यालयातल्या अदिती मॅडम म्हणून एक अधिकारी. एकेक खाडी पुढे सरकत होती. लग्नात आहेर वाचतात त्या वेगाने अध्यक्ष श्रेण्या वाचत होते.

"कांडवण. श्रेणी क. कोणाला काही म्हणायचंय?"

रागिणीने सरांकडे पाहिलं. सरांनी घसा साफ केला, टाय नसलेल्या गळ्याशी हात नेला आणि बोलायला सुरुवात केली. पुस्तकी, शुद्ध, साजूक तुपातली मराठी. चित्रांच्या निवडीत झालेली त्रुटी, तिची कारणं, तिचे परिणाम. त्यांनी आपल्याकडे दोष घेतला, रागिणी आणि रोहितचं नावही येऊ दिलं नाही. आयुष्यात एवढं चांगलं ते कधी बोलले नसतील. रागिणीचे डोळे भरून आले.

"ठीक. काही नाही म्हणजे मंजूर," अध्यक्ष म्हणाले. "पुढची खाडी..."

सरांचा माईक बंद होता.

रागिणीने सरांच्या हातावरून झेप घेतली आणि बटण दाबलं. चहाचा कप लवंडला, तो रोहितने आपल्या पँटवर झेलला. आणि सगळ्या समितीला अमरावतीहून पहिलं वाक्य ऐकू गेलं ते असं:

"ओ साहेब, थांबा ना थोडसं!"

अध्यक्ष थांबले. सगळे चौकोन थांबले. आता ती शुद्ध मराठी पुन्हा आणायची कुठून? ती तर बंद माईकमध्ये वाहून गेली होती. सरांजवळ उरली होती ती घरची.

"नकाशा आमचा चुकला," देवमन सर म्हणाले. "वापस द्या. त्या खाडीत पडीत जमीन नाहीच. थे ओहोटीची जमीन हाये. आमाले पाणी दिसलं, आमी त्याले पूर समजलो अन् सोडून देलं. चूक कशी झाली थे बी सांगतो. आमच्याकडं गेलेलं पाणी त्याच दिवशी वापस येत नाही, साहेब. वर्षभर वाट पाहा लागते. म्हणून आमच्या ध्यानातच नाही आलं."

मग अदिती मॅडमच्या चौकोनात काहीतरी हललं. त्यांनी तोंडावर हात धरला होता, खांदे हलत होते. हसू आवरून त्या बोलल्या तेव्हा मात्र त्यांचा आवाज हसरा नव्हता.

"मी कांडवणच्या पलीकडच्या गावची आहे. त्या चिखलात आम्ही शिंपल्यांतली कालवं काढत मोठ्या झालो. तुमची तळटीप वाचली, अशी जमीन आढळली नाही, आणि मला वाटलं, आता नसेल राहिली. उपग्रह सांगतोय म्हटल्यावर आपण काय बोलायचं. म्हणून गप्प बसले."

अमरावतीच्यांना वाटलं होतं, चुकलं असेल तर कोकणचे बोलतील. कोकणच्यांना वाटलं होतं, एवढ्या वरून पाहणारा चुकेल कसा. दोघांच्या अदबीत एक अख्खी खाडी जाता जाता राहिली होती.

रागिणीने तिथूनच नवा नकाशा पाठवला आणि अध्यक्षांनी तो पाहिला. भराव थांबवून ठेवला. नव्या नकाशावर अ लिहिलं, आणि त्यापुढे अट घातली, की नकाशा करणाऱ्यांनी स्वतः कांडवणला जावं, जमिनीवर उभं राहून तपासावं आणि मग सही करावी.

"आमी येतो," देवमन सर म्हणाले. त्यांनी कोणाला विचारलंही नाही.

"या ना," अदिती मॅडम म्हणाल्या. "पुढच्या पौर्णिमेला या. भर दुपारी भरती काय सुंदर दिसते. सगळे पर्यटक त्यासाठीच येतात."

सरांनी रागिणीकडे पाहिलं. तिने वेळापत्रक आधीच उघडून ठेवलं होतं आणि तिचं बोट खालच्या ओळीवर होतं.

"दुपारी नको, मॅडम," सर म्हणाले. "संध्याकाळी. ओहोटीच्या वेळेले. आमाले थो चिखल पाह्यचा हाये."